रोजची गोळी आणि तवक्कुल

गळ्यातील थायरॉईड ग्रंथी मंदावली की डॉक्टर रोजची गोळी लिहून देतात, ती बहुधा जन्मभराची. मग कोणी विचारतो, अल्लाहवर भरवसा असेल तर ही गोळी कशाला? वाचकहो, या प्रश्नात असे गृहीत धरले आहे की निरोगी माणूस कशावरही विसंबून नसतो. परंतु त्याच्या गळ्यातील ग्रंथी त्याने घडवलेली नाही. ती अहोरात्र थायरॉक्झिन स्रवते आणि त्याला तिची आठवणही होत नाही. तुमच्या गोळीत तेच द्रव्य आहे. ती देणगी तुम्हाला रोज हाताने उचलावी लागते, इतकेच. आधी उंट बांधून मग भरवसा ठेवण्याची प्रेषितांची (स.) शिकवण इथे नेमकी लागू पडते.

गोळी सोडणाऱ्याची फसगत हळूहळू होते. शरीरातील थायरॉक्झिन निम्म्यावर येण्यास सुमारे ७ दिवस लागतात. त्यामुळे सुरुवातीला काहीच बिघडत नाही आणि माणूस ते आपल्या श्रद्धेचे फळ समजतो. पुढे थकवा, थंडी, जडपणा परततो. अशा थकलेल्या सुनेला घरचेच आळशी ठरवतात! ही बदगुमानी नव्हे काय?

रमजानातही गोळी सोडण्याचे कारण नाही. ती रिकाम्या पोटी घ्यायची असते: सहरीच्या अर्धा-एक तास आधी, किंवा इफ्तारनंतर तीनेक तासांनी झोपताना. वेळ डॉक्टरांना विचारून ठरवा. कॅल्शियम व लोहाच्या गोळ्या ४ तास दूर ठेवा. आजाऱ्याला राहिलेले रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत सूरह अल-बकरामध्ये आहेच. या विकारात बहुतेकांना तिची गरजही पडत नाही.