समासांतील नोंद

२०२५ च्या मार्च महिन्यांत मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढें एका मातेचा अर्ज आला होता. आपल्या अपत्याच्या जन्मनोंदींतून पित्याचें नांव काढून टाकावें व तेथें एकट्या मातेचेंच नांव असावें, अशी तिची मागणी होती. पति व्यसनी असून त्यानें अपत्याचें तोंडहि पाहिलेलें नाहीं, असें तिचें म्हणणें होतें. न्यायालयानें अर्ज फेटाळला, वर पांच हजार रुपये खर्चाचा भुर्दंड बसविला, आणि आईबापांच्या भांडणांत मूल ही कोणाची मालमत्ता नव्हे, असें बजावलें. निकाल वाचून पुष्कळांची सहानुभूति त्या मातेकडे वळली असेल, आणि तें स्वाभाविकच आहे. ज्यानें मुलासाठीं काडीहि हलविली नाहीं, त्याचें नांव त्या मुलानें जन्मभर कां वागवावें? खर्चाचा बोजा बसविण्याइतकी ती मागणी गैर होती, असें प्रस्तुत लेखकासहि वाटत नाहीं. तरी पण मागणी नाकारली तें योग्यच झालें, असें माझें मत आहे. आणि त्याचीं कारणें कायद्याहून नीतिशास्त्राच्या प्रांतांतलीं अधिक आहेत.

जन्मनोंद ही मोठी चमत्कारिक वस्तु आहे. ज्याची ती नोंद, त्याचें स्वतःचें नांव पुष्कळदां प्रारंभीं तींत नसतेंच. बारशाला अवकाश असतो, आणि कायद्यानेंहि नांव मागाहून घालण्याची सवड ठेविली आहे. एक वर्षापर्यंत विनाशुल्क, आणि पुढें विलंबशुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. जन्मदात्यांची विचारपूस मात्र पहिल्याच खेपेस होते. माणसाविषयीं सरकारी दप्तरांत जें पहिलें वाक्य लिहिलें जातें, तें तो कोणाचा हें सांगतें. तो कोण, हें ठरावयास अजून अवकाश असतो.

आतां 'कोणाचा' ह्या एका शब्दांत दोन प्रश्न दडलेले आहेत. हें मूल कोणापासून झालें, हा एक; आणि ह्या मुलाचा भार कोणाच्या शिरावर आहे, हा दुसरा. बहुतेक घरांत दोहोंचें उत्तर एकच असल्यामुळें एका रकान्यानें काम भागतें, आणि आपण दोन प्रश्नांचीं उत्तरें देत आहों ह्याची जाणीवहि कोणाला नसते. उत्तरें भिन्न झालीं कीं त्या अरुंद जागेसाठीं झगडा सुरू होतो. पहिला प्रश्न इतिहासाचा आहे. घडलें तें घडलें, त्यांत कोणाच्याहि इच्छेनें फेरफार होत नाहीं. दुसरा धर्माचा आहे, आणि धर्म पत्करतां येतो, टाकतां येतो, दुसऱ्यास सोंपवितांहि येतो. दुसऱ्याचें उत्तर बदललें म्हणून पहिल्याचें खोडूं पाहणें, ही सर्व घोटाळ्याची जड आहे.

आपल्या जुन्या धर्मशास्त्रकारांजवळ, गमतीची गोष्ट अशी, कीं रकाने पुष्कळ होते. मनुस्मृतींत पुत्रांचे बारा प्रकार सांगितले आहेत: औरस, क्षेत्रज, दत्त, कानीन, अपविद्ध इत्यादि. त्या सर्व खटाटोपाचा हेतु पिंडदान आणि वारसा हा होता, मुलींची तींत गणनाच नव्हती, आणि स्त्रीच्या मनाचा विचार तर कोणाच्या ध्यानींमनींहि नव्हता. म्हणून त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याची माझी इच्छा नाहीं. परंतु बीज कोणाचें आणि पुत्र कोणाचा हे दोन प्रश्न आहेत, हें त्या लोकांनीं स्पष्ट ओळखलें होतें. 'द्व्यामुष्यायण' म्हणून दत्तकाचा एक प्रकार होता. त्यांत मुलगा करारानें जनक आणि दत्तक घेणारा अशा दोन्ही पित्यांचा राही. १९५६ च्या हिंदु दत्तक व निर्वाह कायद्यानें ह्याच्या उलट, दत्तविधानाच्या दिवसापासून मुलाचे जन्मकुलाशीं असलेले संबंध तुटतात, असें ठरविलें. पण तेथेंहि एक अपवाद ठेवावा लागला. जन्मकुलांत राहिला असतां ज्या नात्यांत त्याचा विवाह निषिद्ध ठरला असता, त्या नात्यांत तो दत्तक गेल्यावरहि निषिद्धच. नातें तोडणाऱ्या कलमालाच रक्ताची आठवण ठेवणें भाग पडलें!

त्या मातेच्या मागणीकडे पुन्हां वळूं. तिच्या पतीचा अपराध काय? पित्याचें कर्तव्य त्यानें केलें नाहीं, हा. पण जो पिताच नव्हता त्यानें पितृधर्म सोडला, असें कसें म्हणतां येईल? नांव खोडल्यानें त्याला शिक्षा होत नाहीं. उलट तो निर्दोष सुटतो. मुलाचा पोटगीचा हक्क आणि वारसा हीं ज्या नात्यावर उभीं आहेत, त्याचा सहज हाताशीं असलेला लेखी पुरावा आपण होऊन पुसून टाकणें म्हणजे ऋणकोवर रागावून धनकोनें आपलेंच खत फाडण्यासारखें आहे. आणि खत तरी धनकोचें स्वतःचें असतें. येथें कागद मुलाचा, आणि फाडणारा दुसराच.

ह्यावर कोणी विचारील, मग २०१५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें अविवाहित मातेला पित्याचें नांव न सांगतां पालकत्व मागण्याची मुभा दिली, आणि एकटी माता मुलाच्या जन्मदाखल्यासाठीं आली तर तिच्याकडून केवळ प्रतिज्ञापत्र घेऊन दाखला द्यावा असें फर्माविलें, तें चूक काय? मुळींच नाहीं. मौन आणि असत्य ह्यांत अंतर आहे. कोरा रकाना 'सांगितलें नाहीं' एवढेंच म्हणतो. खोडलेला रकाना 'नव्हतेंच' असें म्हणतो. छांदोग्य उपनिषदांतील जबालेनें मुलास सांगितलें कीं, तारुण्यांत मी सेवाचाकरी करीत पुष्कळ ठिकाणीं वावरलें, तेव्हां तूं झालास; तुझें गोत्र मला ठाऊक नाहीं, माझें नांव जबाला, तूं आपणांस सत्यकाम जाबाल म्हणव. एखादें प्रतिष्ठित गोत्र ठोकून देणें तिला अवघड नव्हतें. तिनें रकाना कोरा ठेवला, आणि गौतमानें त्या कोरेपणालाच सत्याचें लक्षण मानून मुलाला जवळ केलें. ज्या स्त्रीवर बलात्कार झाला तिलाहि मौनाचा हा हक्क संपूर्ण असला पाहिजे, ह्याविषयीं माझ्या मनांत शंका नाहीं.

नांव वाढविण्याचा प्रश्न ह्याहून नाजूक आहे, कारण तेथें हेतु बहुधा प्रेमाचा असतो. दुसरा पति पहिल्याच्या मुलाला पोटच्यासारखें वाढवितो. त्याला 'पिता' म्हणून कागदावर जागा हवी असते. विधवा मातेच्या दुसऱ्या पतीचें नांव मुलाच्या कागदोपत्रीं 'सावत्र पिता' म्हणून घालावें, ह्या खालच्या न्यायालयाच्या आदेशाविरुद्ध २०२२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें कठोर शब्द वापरले, आणि तें उचितच झालें. तो शब्द मुलाच्या कपाळीं मारून कोणाचें हित होणार होतें? पोसणाऱ्याला त्याचा मान मिळावा. पण एकाच्या मानासाठीं दुसऱ्याचें अस्तित्व नाकारावें लागतेंच असें नाहीं. इंग्लंडांत दत्तकाचा पहिला कायदा १९२६ चा. दत्तक मुलाला आपली मूळ जन्मनोंद पाहण्याचा हक्क मिळाला १९७५ च्या कायद्यानें. मध्यंतरींच्या अर्धशतकांत वाढलेल्या मुलांना आपण कोठून आलों हें विचारण्याचा राजमार्ग नव्हता. २००५ च्या एप्रिलपासून तेथें बीजदात्यालाहि मुलापासून कायमचें अज्ञात राहतां येत नाहीं. अठरा वर्षें पुरीं झालीं कीं मूल विचारूं शकतें. गुप्ततेचें ओझें उचलण्याचा करार मोठ्यांनीं केला आणि तें ओझें मुलानें वाहिलें, हें त्या देशाला उमजावयास बराच काळ लागला.

व्यवहाराची अडचण मात्र हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळेंतील प्रवेश, मतदारयादी, वाहनपरवाना ह्यांसाठीं जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागणार. टाकून गेलेल्या माणसाचें नांव प्रत्येक खिडकीवर दाखवावें लागणें आणि त्यावर कारकुनाचे प्रश्न ऐकावे लागणें, ही यातना खरी आहे. पण ती नोंदीची नसून नोंद मागणाऱ्यांची आहे. २०१६ च्या डिसेंबरांत परराष्ट्र खात्यानें पासपोर्टासाठीं दोहोंपैकीं एकाच पालकाचें नांव पुरेसें ठरविलें. जन्मनोंदीला हातहि न लावतां हजारों मातांची वाट मोकळी झाली. महाराष्ट्रांत तर आपण बापाचें नांव मुलाच्या नांवाच्या ऐन मध्यावर बसविलें आहे. बाप घरांत नसला तरी प्रत्येक सहींत असतोच. २०२४ मध्यें शासनानें सरकारी कागदपत्रांत आईचें नांव मुलाच्या नांवामागोमाग, बापाच्या आधीं लिहिण्याची रीत घालून दिली. एवढ्या दिवसांनीं कां होईना, पण ही भर कोणालाहि न खोडतां पडली.

आणि भर घालण्याची रीत कायद्याच्या पोटांत पहिल्यापासून होतीच. १९६९ च्या जन्ममृत्यु नोंदणी अधिनियमाचें पंधरावें कलम आपणांपैकीं फार थोड्यांनीं वाचलें असेल. नोंद चुकीची अथवा कपटानें झालेली आढळल्यास निबंधकानें ती दुरुस्त किंवा रद्द करावी, परंतु मूळ लेखांत बदल न करतां. दुरुस्ती समासांत लिहावयाची, खालीं सही करावयाची आणि तारीख घालावयाची. ज्यानें हें कलम लिहिलें त्याला बहुधा दप्तराच्या शिस्तीपलीकडे कांहीं अभिप्रेत नसेल. पण मूळ ओळ जागच्या जागीं, आणि तिच्या शेजारीं मागाहून कोणीं, केव्हां, काय म्हटलें ह्याची नोंद, ह्याहून अधिक न्याय्य व्यवस्था मला तरी सुचत नाहीं. पोसणाऱ्या पित्याला, दत्तक मातेला समासांत भरपूर जागा आहे, आणि दाखल्याच्या प्रतीवर त्यांचींच नांवें यावींत, ह्यालाहि माझी हरकत नाहीं. मूळ पान तेवढें बंद पेटींत राहावें, आणि किल्ली मुलाच्या हातीं असावी.

एक प्रसंग ह्या विचारालाहि जड जातो. मूल सज्ञान झालें, त्यानें तें पान उघडून पाहिलें, सर्व ऐकलें, आणि मग स्वतःच म्हणालें कीं हें नांव मला नको. आईनें मागितलें तेव्हां कागद तिचा नव्हता. आतां मागणारा मालकच आहे. माझा कौल तेव्हांहि समासाच्याच बाजूनें पडेल. 'हा माझा पिता होता, त्याला मी सोडिलें आहे,' असें त्यानें शेजारीं लिहावें, सही करावी, तारीख घालावी. मूळ ओळच खोडली, तर त्यानें कोणाला सोडलें तें तरी पुढच्यांना कसें कळणार?