वजन घेऊन वळताना

दोन्ही हातांत जड डंबेल घेऊन नुसतं चालायचं, याला व्यायामशाळेत फार्मर्स वॉक म्हणतात. पण गल्लीतल्या जिममध्ये बेंच आणि डंबेलच्या स्टँडमधून सहा-सात पावलांचीच वाट उरते. मग ‘जागाच नाही’ म्हणून पुष्कळजण हा व्यायाम सोडून देतात. त्यांना मला कळकळीनं सांगावंसं वाटतं, सोडू नका. जागा कमी, म्हणून वळणं जास्त. आणि कस लागतो तो वळताना.

सरळ चालताना पावलांना लय सापडते. वळायची वेळ आली की हातातलं लोखंड आधीच्याच दिशेनं जाऊ बघतं. त्याला आवरतात ते पोटाचे आणि कमरेभोवतीचे स्नायू. टाचेवर गर्रकन फिरलात तर पाठ पिळवटते. तीन-चार आखूड पावलं टाकत, पायांबरोबर अख्खं धड वळवावं. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. श्वास कोंडू नये.

तेवढीही वाट नसेल तर एकाच हातात वजन घेऊन जागच्या जागी सावकाश पाय उचलावेत. वजन उजव्या हातात असतं, पण राबते डावी कूस. कॅनडातले मणक्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 साली स्ट्राँगमन खेळांतल्या प्रकारांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात एका हातानं वजन वाहून नेण्याचाही समावेश होता. दिसायला साधा प्रकार, पण धड एका बाजूला कलू न देणं हे मोठं काम आहे.

बाजार समितीत थप्प्यांमधल्या चिंचोळ्या बोळातून पोतं नेणारा हमाल अशीच आखूड, झपझप पावलं टाकतो. त्याला मात्र वजन निवडता येत नाही. पोतं 50 किलोंपर्यंत खाली यावं म्हणून हमालांच्या संघटनांना किती भांडावं लागलं! आपल्याला निवडता येतं, तर ते नीट निवडावं. चाल वाकडी होईल इतकं जड घेण्यात काही अर्थ नाही.

बहुतेकदा छाती-पाय दमायच्या आधी मूठच सुटायला लागते. दांडा तळव्यातून बोटांच्या पेरांकडे घसरतो, खरखरीत जाळी कातडीला चावते. तेव्हा आणखी एक फेरी मारायचा मोह आवरावा आणि मुठीत जोर शिल्लक असतानाच, गुडघे वाकवून, वजन दोन्ही बाजूंना अलगद जमिनीवर टेकवावं.