पाठमोरी दिंडी

पौष वद्य एकादशी जवळ आली की नाशिक–त्र्यंबक रस्ता दिंड्यांनी भरून जातो. निवृत्तिनाथांच्या समाधीकडे निघालेली मंडळी रस्त्याच्या डाव्या कडेने चालतात. नजर पताकेवर, कान मृदंगाकडे, आणि मागून येणाऱ्या वाहनाकडे पाठ. त्याच रस्त्याने, त्याच दर्शनाला, आपली तरुण मुले दुचाकीवर तिघे-तिघे बसून येतात. गळ्यात तुळशीची माळ, कपाळी बुक्का, हेल्मेट मात्र आरशाला टांगलेले. विचारावे तर उत्तर तयार असते, "महाराज, राखणारा तो आहे."

हा पूर्वपक्ष भक्तीचा दिसतो, म्हणून तो नीट पाहिला पाहिजे. तो राखणारा आहे, हे मलाही मान्य. पण वारीला निघताना आपण दिंडीच्या ट्रकवर पीठ-तांदूळ चढवतोच ना? पांडुरंग जेवू घालील म्हणून चूल पेटवायची कोणी राहत नाही. मग ही शरणागती डोक्यापुरतीच कुठून आली? मला विचाराल तर खरे कारण एवढेच, की हेल्मेटमध्ये उकडते आणि टोपीची घडी मोडते.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याचे १२९ वे कलम चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्याला, दोघांनाही हेल्मेट सांगते. पोलीस दिसला की ते डोक्यावर चढते, चौक ओलांडला की उतरते. एकादशीला मात्र कोणी पोलीस नसतो. बंद घरात दोन घास खाल्ले तर कोणाला कळणार? तरी आपण खात नाही. व्रत असे पाळणारा माणूस रस्त्यावर पावतीच्या भीतीने वागतो, याचे मला नवल वाटते. मागे आई बसली असेल तर तिचा पदर चाकात जाणार नाही असा खोचून घ्यावा, गाडी हळू घ्यावी. पुंडलिकाचे नाव घेणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

पण खरा प्रश्न स्वतःच्या डोक्याचा नाहीच. वेग दुप्पट केला की ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला चौपट अंतर लागते. ओल्या रस्त्यावर, आमच्या त्र्यंबकच्या धुक्यात, त्याहून अधिक. २०१९ च्या नोव्हेंबरात नामदेवरायांची पालखी आळंदीला निघाली असता दिवे घाटात दिंडीत जेसीबी शिरला. नामदेवरायांच्या वंशातले महाराज त्यात गेले. यंत्र लहान असो की मोठे, चालणाऱ्याचे अंग तेवढेच कोवळे. आपला भार आपण खुशाल देवावर टाकावा. पुढे चालणाऱ्या म्हातारीने मात्र पाठ फिरवून आपला जीव न कळत मागच्या गाडीवाल्यावर सोपवलेला असतो. तिच्या वतीने "तो राखील" असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

सप्ताह करणाऱ्या गावांनाही एक विनंती आहे. रात्री अकराला कीर्तन उरकते, नारळ-उपरणे देऊन सत्कार होतो, आणि मृदंग पाठीला बांधून पोरे दुचाकीवर तीस-चाळीस किलोमीटर अंधारात निघतात. डोळ्यांवर झोप असते. नारळ राहिला तरी चालेल, देवळाच्या ओसरीवर चार सतरंज्या टाका आणि त्यांना सकाळच्या चहानंतरच सोडा.