टिपलेलं आणि राखलेलं

सुचलेलं निसटून जाईल ही धास्ती लिहिणाऱ्याला कायमची असते. म्हणून उशाशी वही, खिशात चिठोरी, आता मोबाइल. टिपतो आपण पुष्कळ. पण टिपलेलं नुसतं साठवायचं की त्यात पुढे हातही घालायचा, याचा विचार फारसा होत नाही.

जपानी कवी मात्सुओ बाशो १६८९ च्या वसंतात एदोहून, म्हणजे आजच्या टोकियोहून, उत्तरेच्या लांबच्या पायी प्रवासाला निघाला. बरोबर शिष्य सोरा. सोरा रोजनिशी लिही: तारीख, मुक्काम, पाऊसपाणी. वाटेत झालेल्या रचनाही तो उतरवून घेई. ओइशिदा गावी मोगामी नदीकाठच्या एका घरी साखळी-काव्याची बैठक जमली. पावसाचं पाणी गोळा करत येणाऱ्या नदीला बाशोने तिथे ‘शीतल’ म्हटलं. उकाड्याच्या दिवसांत यजमानाच्या घराचं कौतुक करण्याची ही रीतच. पुढे त्याच नदीतून, पुराच्या पाण्यात, तो होडीने गेला. या प्रवासावर त्याने नंतर लिहिलेल्या प्रवासवर्णनात ‘शीतल’च्या जागी ‘वेगवान’ आलं. बाकी ओळी जवळपास तशाच. पाहुण्याची रचना प्रवाशाची झाली, एवढ्या एका फरकाने.

पहिलं रूप सोराच्या टिपणांतही सापडतं. ती १९४३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि अभ्यासकांनी प्रवासवर्णनाशी पडताळा घ्यायला सुरुवात केली. तारखा जुळेनात, हवामान जुळेना. बाशोने थापा मारल्या, असा निष्कर्ष यातून काढणं मला पोरकट वाटतं. तो काही पंचनामा लिहीत नव्हता. पण सोराला कारकून म्हणून हिणवणंही तितकंच चूक. कच्चं रूप त्याने जपलं नसतं, तर पक्क्याची करामत इतकी उघड दिसली नसती.

टिपलेल्याचं पुढे काय करायचं, हे जपानच्याच मानववंशशास्त्रज्ञ उमेसाओ तादाओ यांनी सांगितलं आहे. १९६९ मध्ये त्यांनी बौद्धिक कामाच्या तंत्रावर एक छोटं पुस्तक लिहिलं. पोस्टकार्डाहून थोड्या मोठ्या कार्डावर एकच मुद्दा, वर मथळा, खाली पुरती वाक्यं. कार्ड लिहायचं ते विसरता यावं म्हणून, असं त्यांचं म्हणणं. काही काळाने आपणच आपल्याला परके होतो, तेव्हा परक्याला कळेल असं लिहा. ‘आत्या, कुलूप, पाऊस’ एवढंच खरडलेलं चिठोरं सहा महिन्यांनी कुणाच्या कामाचं? आणि कार्डं नुसती रचून ठेवायची नाहीत, पिसायची, शेजार बदलून पाहायचा. आपल्या मोबाइलमधल्या नोंदी मात्र बहुधा उघडल्याच जात नाहीत. आपल्यात सोरा पुष्कळ झाले.

बाशोच्या हातचं मानलं जाणारं त्या प्रवासवर्णनाचं हस्तलिखित १९९६ मध्ये उजेडात आलं. त्यात सत्तरहून अधिक ठिकाणी मजकुरावर कागदाचे तुकडे चिकटवून नवा मजकूर लिहिला आहे. स्वच्छ प्रत १६९४ मध्ये झाली, त्याच वर्षी बाशो गेला, पुस्तक छापलं गेलं १७०२ मध्ये. प्रवास काही महिन्यांचा, त्यावरचं लिखाण चाललं पाचेक वर्षं. सोराचं काम रोजच्या रोज पुरं होत असे.