पराक्रम आणि पश्चात्ताप

मक्केत प्रेषित मुहम्मद (स.) यांना विरोध करणाऱ्या कुरैश सरदारांमध्ये नज्र बिन हारिस नावाचा एक गृहस्थ होता. त्याची विरोधाची पद्धत इतरांहून वेगळी होती. तो हीरा येथे राहून आला होता आणि इराणी राजांच्या व योद्ध्यांच्या कथा त्याने तेथे आत्मसात केल्या होत्या. इब्ने इसहाक यांच्या सीरतग्रंथात नमूद आहे की, प्रेषित (स.) लोकांना अल्लाहचा संदेश ऐकवून उठले की नज्र त्यांच्या जागी येऊन बसे आणि रुस्तम व इस्फंदियार यांच्या शौर्यकथा रंगवून सांगू लागे. मुहम्मद (स.) गतकालीन लोकसमूहांच्या कथा सांगतात, मग माझ्या कथा त्यांच्याहून सरस नाहीत काय, असा त्याचा प्रश्न असे. सूरह लुकमानच्या सहाव्या आयतीत मन भुलवणाऱ्या गोष्टी विकत घेऊन लोकांना अल्लाहच्या मार्गापासून दूर नेणाऱ्याचा जो उल्लेख आहे, त्याचा संबंध अनेक भाष्यकारांनी याच नज्रशी जोडला आहे.

या प्रसंगाकडे आपण सहसा सत्य आणि करमणूक यांच्यातील झगडा म्हणून पाहतो. वस्तुतः तो दोन प्रकारच्या कथांमधील झगडा होता. दिव्य कुरआननेही कथा सांगितल्या आहेत, आणि सूरह यूसुफच्या प्रारंभी त्या कथेला सर्वोत्तम कथन असे संबोधले आहे. इस्लामने कथेला नकार दिलेला नाही. त्याने कथेला एक प्रश्न विचारला आहे: ज्याची कथा तू सांगतोस, तो नायक कोणत्या कारणाने?

आज हाच प्रश्न आपल्या घराच्या बैठकीत उभा आहे. मुले ज्या चित्रपटांत आणि मालिकांत रमतात, त्यांतील नायक पाहून पालक हळहळतात आणि म्हणतात, काळ बिघडला, मनोरंजन रसातळाला गेले. ही हळहळ खरी आहे, पण तिची नीट तपासणी व्हायला हवी. प्रत्येक पिढीला आपल्या तरुणपणीचे मनोरंजन शुद्ध आणि मुलांचे मनोरंजन भ्रष्ट वाटत असते. केवळ स्मृतीच्या गोडव्यावर नैतिक निर्णय उभा करणे न्यायाचे नाही. म्हणून अधोगती झाली असेल तर ती नेमकी कशात झाली, हे आधी निश्चित केले पाहिजे.

अधोगती हिंसाचाराच्या प्रमाणात आहे, असे म्हणता येणार नाही. प्राचीन वीरकथा रक्ताने माखलेल्या आहेत. फिर्दौसीने 1010 च्या सुमारास पूर्ण केलेल्या शाहनाम्यात रुस्तम स्वतःच्या मुलाला, सोहराबला, न ओळखता ठार मारतो. आपल्या उपखंडातील मुस्लिम समाजाने शतकानुशतके ज्या दास्ताने अमीर हमजाच्या रात्री जागवल्या, ती राक्षस, जादूगार आणि कत्तली यांनी गच्च भरलेली आहे. अकबराने तिच्यासाठी सुमारे 1400 चित्रे काढून घेतली होती. पुढे लखनौच्या नवल किशोर छापखान्याने ती 46 खंडांत छापली. तेव्हा आमचे पूर्वज केवळ उपदेशपर ग्रंथच ऐकत होते, अशी कल्पना आपण करून घेऊ नये.

मग फरक कोठे पडला? शाहनाम्यातील तोच प्रसंग पुन्हा पाहा. मरणाऱ्या तरुणाच्या दंडावरील खूण पाहताच रुस्तमला कळते की, आपण कोणाला मारले. तो कोसळतो, आक्रोश करतो. जगातील सर्वांत बलाढ्य योद्धा श्रोत्यांच्या डोळ्यांदेखत आपल्याच विजयाखाली चिरडला जातो. कथा त्याच्या बळाचे गुणगान करते, परंतु त्या बळाची किंमतही त्याच्याकडून वसूल करते. जुन्या वीरकथेत पराक्रमाच्या शेजारी पश्चात्तापाला जागा होती.

आपल्या देशातील चित्रपटाचा प्रवास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. 1913 साली मुंबईत दादासाहेब फाळके यांनी पहिला कथापट दाखवला, तो राजा हरिश्चंद्र. त्याचा नायक कोणाला जिंकत नाही. दिलेल्या शब्दासाठी तो राज्य गमावतो. 1953 साली आचार्य अत्र्यांनी साने गुरुजींच्या श्यामची आईला पडद्यावर आणले, तेथे नायकत्व एका गरीब मातेच्या संस्कारांकडे गेले. 1957 च्या मदर इंडियात मेहबूब खान यांनी तर आईच्याच हातात बंदूक दिली. गावातील मुलीला पळवून नेणाऱ्या स्वतःच्या लाडक्या मुलावर ती गोळी झाडते आणि नंतर त्याला कवटाळून रडते. सूरह निसाच्या 135 व्या आयतीत ईमानधारकांना आदेश आहे की, न्यायावर ठाम राहा, मग तो न्याय तुमच्या स्वतःच्या, आईवडिलांच्या वा नातलगांच्या विरुद्ध का जाईना. त्या चित्रपटाचा हेतू इस्लामी शिकवण देणे हा नव्हता. तरीही या आयतीचा आशय ज्याला ठाऊक आहे, त्याला ते दृश्य परके वाटणार नाही.

1975 च्या दीवारमध्ये वळण आले. अन्यायाने होरपळलेला तरुण तस्करीच्या मार्गाला लागतो आणि प्रेक्षक त्याच्या बाजूचे होतात. गोदीतील एका वृद्ध मुस्लिम सहकाऱ्याच्या सांगण्यामुळे 786 क्रमांकाचा बिल्ला त्याच्यासाठी पवित्र ठरतो आणि तोच बिल्ला त्याला गोळीपासून वाचवतो. आमच्यापैकी कित्येकांना त्या दृश्याचा अभिमान वाटत आला आहे. पण तो बिल्ला त्याचे रक्षण करतो, त्याला काही सांगत मात्र नाही. गुन्हा सोड, असे तो म्हणत नाही. पवित्र चिन्हाचे ताईत झाले आणि आज्ञा गळून पडली. तरीसुद्धा त्या चित्रपटात एक आई होती, जी मुलाची माडी सोडून निघून जाते, आणि एक भाऊ होता, जो त्याला थांबवतो. नायकाला नाही म्हणणारा आवाज अजून जिवंत होता.

1993 च्या बाजीगरमध्ये नायक आपल्यावर विश्वास टाकणाऱ्या निरपराध तरुणीला इमारतीवरून ढकलून देतो आणि तरीही नायकच राहतो. तीस वर्षांनंतर, 2023 मध्ये आलेल्या आणि प्रचंड कमाई केलेल्या अ‍ॅनिमलमध्ये वडिलांवरील हल्ल्याचा सूड हेच नायकाच्या जगण्याचे सार होऊन बसते. पटकथेत अधूनमधून शंकेचे स्वर उमटतात, पण चित्रपटगृहात शिट्ट्या मिळतात त्या संहाराला. अधोगती येथे आहे, असे मला वाटते. पडद्यावर रक्त वाढले हे दुय्यम. नायकाला आपल्या कृत्याचा हिशेब द्यावा लागतो, ही जाणीव कथेतून पुसट होत गेली, हे मुख्य.

यावर एक आक्षेप येतो आणि तो टाळण्याजोगा नाही. प्रेक्षक मूर्ख नसतो, पडद्यावरचे खोटे आहे हे त्याला कळते, आणि चित्रपट पाहून कोणी खुनी होत नाही, असे म्हटले जाते. हे बहुतांशी मान्य करावे लागेल. परंतु कथा आपल्याला कृती शिकवते त्याहून अधिक वाहवा करायला शिकवते. मर्द कोणास म्हणावे, दुबळा कोणास म्हणावे, क्षमा करणारा भित्रा की थोर, याचे उत्तर तरुण मन व्याख्यानातून क्वचितच घेते. ते टाळ्या कोठे पडतात हे पाहून घेते. सहीह हदीसमध्ये प्रेषित (स.) यांनी सांगितले आहे की, मनुष्य ज्याच्यावर प्रेम करतो त्याच्याच सोबत तो असेल. या वचनाकडे आपण आशेने पाहतो, आणि ते योग्यच आहे. पण त्यात एक इशाराही दडलेला आहे. आपले प्रेम, आपली वाहवा ही निरुपद्रवी बाब नाही. मरणोत्तर जीवनातील सोबत तिच्यातून घडते.

आता दिव्य कुरआन आपला नायक कसा उभा करतो ते पाहू. ज्यांचा नामोल्लेख त्यात सर्वाधिक वेळा आला आहे, त्या ह. मूसा (अ.) यांच्या तारुण्यातील प्रसंग सूरह कससमध्ये आहे. शहरात दोन माणसे भांडत आहेत, एक त्यांच्या समाजाचा आणि दुसरा शत्रुपक्षाचा. आपल्या माणसाने मदतीची हाक दिली, मूसा (अ.) यांनी एक ठोसा मारला आणि समोरचा मरण पावला. आजच्या पटकथाकाराने येथे संगीत वाढवले असते. कुरआन मात्र त्याच क्षणी मूसा (अ.) यांची कबुली ऐकवतो की, हे सैतानाचे काम झाले, मी स्वतःवर अन्याय केला, माझ्या पालनकर्त्या, मला क्षमा कर. दुसऱ्या दिवशी तोच माणूस पुन्हा दुसऱ्याशी भांडत हाक मारतो, तेव्हा ते त्याला उघड मार्गभ्रष्ट ठरवतात. तो आपला आहे, एवढ्याने तो बरोबर ठरत नाही.

यानंतर ते मदयनला पोहोचतात. विहिरीवर दोन स्त्रिया आपली जनावरे अडवून ताटकळत उभ्या आहेत. मूसा (अ.) त्यांच्या जनावरांना पाणी पाजतात आणि काहीही न मागता सावलीत जाऊन बसतात. तेथे ते अल्लाहपाशी आपली गरज मांडतात. ज्या हाताच्या एका ठोशाने माणूस मेला, तोच हात आता पाणी शेंदतो आहे. बळ तेच, पण ते पश्चात्तापातून गाळून आले आहे.

शूराची व्याख्या प्रेषित (स.) यांनी याच दिशेने केली. कुस्तीत दुसऱ्याला लोळवणारा बलवान नव्हे, क्रोधाच्या वेळी स्वतःला आवरणारा बलवान, असा बुखारी व मुस्लिम यांच्या संग्रहांतील हदीसचा आशय आहे. मूर्ती फोडणाऱ्या ह. इब्राहीम (अ.) यांच्यासाठी कुरआनात फता, म्हणजे तरुण, हा शब्द आला आहे. त्याच शब्दावरून फुतुव्वत ही शौर्य आणि औदार्य यांची परंपरा आपले नाव घेते. इमाम कुशैरी यांच्या रिसालामध्ये या परंपरेचे मर्म आले आहे की, मूर्ती फोडतो तो फता, आणि प्रत्येकाची मूर्ती म्हणजे त्याचा स्वतःचा नफ्स.

खऱ्या वीराभोवतीही मूर्ती उभी राहू शकते, हे ह. उमर (रजि.) जाणत होते. खलीफा होताच त्यांनी शामचे सेनापतिपद ह. खालिद बिन वलीद (रजि.) यांच्याकडून काढून ह. अबू उबैदा (रजि.) यांना दिले. खालिद (रजि.) त्यांच्या हाताखाली लढत राहिले. पुढे 17 हिजरीत त्यांना पूर्णपणे पदमुक्त केले गेले, तेव्हा उमर (रजि.) यांनी स्पष्ट केले की, यामागे राग नाही आणि खालिद यांचा अपराधही नाही. लोक त्यांच्यावर भाळू लागले होते, आणि विजय देणारा अल्लाह आहे हे लोकांनी विसरू नये, एवढाच हेतू होता. आपल्या सर्वांत यशस्वी सेनानीबाबत असा निर्णय घेणे सोपे नव्हते. आणि तो निर्णय स्वीकारून शिपाई म्हणून उभे राहणे हा खालिद (रजि.) यांचा कदाचित सर्वांत मोठा विजय होता.

येथे आपण स्वतःकडेही वळले पाहिजे. हिंदी चित्रपटातील सूडनायकाला नावे ठेवणारे आमचेच तरुण आणि वडीलधारे अर्तुग्रुल ही तुर्की मालिका रात्ररात्र पाहतात आणि तिला इस्लामी मनोरंजन म्हणतात. पात्रांच्या ओठी अल्लाहचे नाव आहे, स्त्रियांचा पेहराव मर्यादशील आहे, हे खरे. पण आपण टाळी कोठे वाजवतो, हे प्रामाणिकपणे तपासावे. नायक नमाज पढतो तेव्हा, की शत्रूचे शिर उडते तेव्हा? सूडाने आपला पोशाख घातला म्हणून तो सब्र होत नाही. आमच्या जलशांतूनही सीरत पुष्कळदा बद्र आणि खैबरच्या तलवारींपुरती सांगितली जाते, तायफचे दगड आणि हुदैबियाचा तह घाईघाईने उरकले जातात. मग मुलाने बळालाच मोठेपण समजले तर दोष केवळ पडद्याला कसा देता येईल?

दास्तानातील हमजा आणि इतिहासातील ह. हमजा (रजि.) यांच्यातील अंतर या संदर्भात विचार करण्यासारखे आहे. दास्तानातला हमजा देवांना आणि राक्षसांना लोळवत फिरतो. खरे हमजा (रजि.) 3 हिजरीत उहुदच्या मैदानात वहशी याच्या भाल्याने शहीद झाले आणि त्यांच्या देहाची विटंबना झाली. प्रेषित (स.) यांना चुलत्याच्या या मृत्यूचे अपार दुःख झाले. वीरकथेच्या नियमानुसार पुढचे प्रकरण सूडाचे असायला हवे होते, आणि मक्का जिंकल्यावर तशी सत्ताही हाती आली होती. परंतु वहशी ईमान आणून समोर आला तेव्हा प्रेषित (स.) यांनी ते स्वीकारले. शक्य असल्यास माझ्या नजरेसमोर येऊ नकोस, एवढेच त्यांनी सांगितले. दुःख लपवले नाही, ते विसरल्याचे नाटकही केले नाही, आणि त्या दुःखाला तलवार मात्र होऊ दिले नाही. हमजा (रजि.) यांच्या खऱ्या कथेचा शेवट हा आहे. 46 खंडांच्या दास्तानात मावणार नाही एवढे शौर्य या एका वाक्यात आहे.

म्हणून मुलांच्या हातून पडदा काढून घेणे हा उपायाचा फार तर एक भाग होईल, आणि तोही फार काळ टिकणार नाही. अश्लीलता आणि निर्लज्जता यांना घरात थारा नसावाच. पण जे पाहिले जाते त्याविषयी मुलांशी बोलण्याची जबाबदारी त्याहून मोठी आहे. या माणसाने जे केले त्याबद्दल त्याला कोठे वाईट वाटले का? त्याला थांबवणारे कोणी होते का? अल्लाहसमोर तो काय उत्तर देईल? हे तीन प्रश्न घरात विचारले जाऊ लागले, तर मूल स्वतःच नायक आणि दांडगट यांत फरक करू लागेल. आणि घरात रागावलेला बाप मुलासमोर आपली चूक कबूल करील, बायकोची क्षमा मागेल, तेव्हा मुलाला तो नायक प्रत्यक्ष दिसेल, जो कोणत्याही पडद्यावर दिसणे आता दुर्मीळ झाले आहे.

अल्लाह आम्हां सर्वांना स्वतःवर विजय मिळवण्याचे बळ देवो, आणि ज्यांच्यावर प्रेम करणे शोभते त्यांच्यावरच प्रेम करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.