दुखणे थांबले, रोग थांबला नाही

मननासाठी शास्त्रभाग : यिर्मया ६:१४, इब्री १२:१५



यिर्मया संदेष्ट्याने आपल्या काळच्या धर्मगुरूंवर जो आरोप ठेविला तो लक्षपूर्वक वाचण्याजोगा आहे. लोकांच्या जखमेस त्यांनी हातच लाविला नाही असे तो म्हणत नाही. हात लाविला, पण वरवर लाविला, असे तो म्हणतो. जखम आतून ओली असता त्यांनी काही चिंता नाही असे सांगून लोकांस घरी पाठविले. ह्या वचनाचा अर्थ ज्यास नीट समजून घ्यावयाचा असेल त्याने किडलेल्या दाताचा विचार करावा. तोंडात बत्तीस दात असतात, आणि त्यांतला एक बिघडला तर सबंध मनुष्य बिघडतो, हे कोणास सांगावयास नको.

आपल्याकडे 'दातास कीड लागली' असे म्हणतात, आणि पुष्कळांस खरोखरच आत एखादा किडा आहे असे वाटते. तसा किडा नसतो. तोंडात डोळ्यांस न दिसणारे सूक्ष्म जंतु असतात. साखर, गूळ, बिस्किटे ह्यांचा जो अंश दातांच्या फटींत राहतो त्यापासून हे जंतु आम्ल तयार करितात, आणि ते आम्ल दाताचे कवच झिजविते. मनुष्याच्या शरीरात ह्या कवचाएवढी कठीण वस्तु दुसरी नाही. हाडदेखील त्याहून मऊ. तथापि रोज थोडे थोडे झिजून त्यासही भोक पडते. दाताच्या मध्यभागी मगज असतो. त्यात रक्तवाहिन्या व मज्जातंतु असतात. कीड तेथवर पोहोचली म्हणजे रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नाही.

आता पुढे काय होते ते पाहा. कित्येक दिवस ठणकल्यावर तो दात एके दिवशी आपोआप शांत होतो. घरची माणसे म्हणतात, 'लवंगेच्या तेलाने गुण आला.' लवंगेच्या तेलाने घटकाभर बधिरपणा येतो हे खरे आहे. परंतु दात शांत झाला तो बरा झाला म्हणून नव्हे. आतला मगज मेला, म्हणून तो शांत झाला. जो ओरडत होता तोच मेला. ज्यांनी त्यास मारिले ते जंतु जिवंत आहेत. ते मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात उतरतात व तेथे पू करितात. महिनेच्या महिने काही कळत नाही. मग एके सकाळी गाल सुजलेला दिसतो. ही सूज जबड्याखाली, जिभेखाली व गळ्यात उतरली तर श्वासाची वाट बंद होते. लुडविग नावाच्या जर्मन वैद्याने १८३६ साली ह्या भयंकर विकाराचे वर्णन केले, आणि इतकी औषधे निघाली असताही आज त्याने प्राण जाऊ शकतो. ज्याचा गाल सुजून ताप आला आहे, ज्यास तोंड उघडत नाही, घास गिळवत नाही किंवा श्वास अडतो, त्याने उद्याची वाट पाहू नये. त्याच घटकेस इस्पितळ गाठावे.

समजा, शहापूरच्या बाजूच्या एखाद्या खेड्यातील शेतकरी आसनगावास कसारा लोकल धरून बाजारासाठी कल्याणास येतो. स्टेशनाबाहेर रस्त्यावर दंतवैद्याची पाटी आहे. दात ठणकत असला तर त्याची नजर त्या पाटीवर जाते. दात गप्प असला तर पाटी असूनही त्यास ती दिसत नाही. बियाणे व कापड घेऊन तो परतीची गाडी धरितो. वैद्य लांब आहे अशी सबब आता फारशी उरली नाही. ठाणे, डोंबिवली व कल्याण ह्या शहरांत दंतवैद्य पुष्कळ झाले आहेत. कल्याणास महानगरपालिकेचे रुक्मिणीबाई रुग्णालय आहे, कळव्यास छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, आणि ह्याच लोहमार्गाच्या मुंबईकडील शेवटच्या स्टेशनाजवळ, सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात, शासकीय दंत महाविद्यालय आहे. कल्याणापासून ते अंतर सुमारे ५४ किलोमीटर. म्हणजे अडचण रस्त्याची नाही. अडचण मनाची आहे.

मन काय काय सांगते? दिवसाची मजुरी बुडेल. दुखणे थांबविणारी गोळी दुकानात मिळते. दात काढिला तर डोळे जातील. ह्यांतली शेवटची समजूत अगदी खोटी आहे. दाताच्या मुळांचा व दृष्टीचा तसा संबंध नाही. गोळीने दुखणे दबते, पू निघत नाही. आमच्या कित्येक भगिनी दात शिवशिवू लागला म्हणजे मिश्री अधिक लावितात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच होय. तिने हिरड्या खराब होतात, आणि तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग होतो हे निःसंशय ठरले आहे. तोंडातला जो व्रण तीन आठवड्यांत भरून येत नाही तो वैद्यास दाखवावाच. कोणी रस्त्याच्या कडेला बसून स्वस्तात दात उपटून देतो म्हणाला तर त्याच्या हाती आपला जबडा देऊ नये. १९४८ साली आपल्या देशात दंतवैद्यांचा कायदा झाला, आणि ज्याचे नाव नोंदवहीत आहे त्यानेच हे काम करावे असे ठरले. हातोटी आहे म्हणून उपकरणे उकळून शुद्ध केलेली असतीलच असे नाही.

पण सर्वांत मोठी सबब भीतीची आहे, आणि भीतीची थट्टा करू नये. आपल्या पणजोबांच्या काळी दात काढणे म्हणजे चार माणसांनी धरणे व एकाने ओढणे. ती स्थिती कशी पालटली हे ऐकण्यासारखे आहे. अमेरिकेत हार्टफर्ड गावी होरेस वेल्स नावाचा दंतवैद्य होता. एक विशिष्ट वायु हुंगिला असता मनुष्यास जखमेची वेदना कळत नाही असे एका खेळात त्याच्या पाहण्यात आले. त्याने हा प्रयोग कोणा गरीब रोग्यावर केला नाही. दुसऱ्याच दिवशी, ११ डिसेंबर १८४४ रोजी, तो स्वतः खुर्चीत बसला, वायु हुंगिला, आणि सोबतच्या दंतवैद्याकडून आपलाच दात काढवून घेतला. पुढे १८४५ साली बोस्टन येथे चारचौघांत केलेला त्याचा प्रयोग फसला व लोकांनी त्याची टर उडविली. परंतु १६ आक्टोबर १८४६ रोजी मॉर्टन नामक दुसऱ्या दंतवैद्याने त्याच शहरी ईथर देऊन शस्त्रक्रिया वेदनेवाचून होऊ शकते हे सिद्ध केले. बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी १८५३ साली आली. तिच्याआधी सातच वर्षे हा शोध जगास मिळाला होता. आज बधिर करण्याचे जे औषध बहुधा टोचतात ते स्वीडन देशात १९४३ साली तयार झाले.

बंधुंनो, वैद्य आधी स्वतः खुर्चीत बसला, ही गोष्ट मनात ठेवा. आपला मुख्य याजक असाच आहे असे इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात सांगितले आहे. तो आपल्या दुर्बलतेकडे दुरून पाहणारा नाही. ज्या वेदनेतून तो आपणांस नेतो तिच्यातून तो अगोदर गेला आहे. अशाच्या हाताखाली तोंड उघडण्यास भय कसले?

आता खुर्चीत प्रत्यक्ष काय होते? जाणता वैद्य आल्याबरोबर चिमटा उचलीत नाही. तो विचारितो : मधुमेह आहे काय? हृदयाचा विकार आहे काय? रक्त पातळ करणारे औषध चालू आहे काय? ही उत्तरे खरी द्यावी. लाजेने लपवू नये. मग तो क्षकिरणांनी मुळांचे चित्र घेतो, आणि दात वाचण्याजोगा असला तर तसे सांगतो. भोक लहान असले तर भरता येते. मगज कुजला असला तरी मुळांच्या नळ्या साफ करून कित्येक दात राखिता येतात. काढणे हा शेवटचा उपाय. काढावयाचाच ठरला तर सुई टोचून हिरडी बधिर करितात. त्यानंतर दाब जाणवतो, ओढ जाणवते, तीक्ष्ण कळ येत नाही. आली तर हात वर करून सांगावे. वैद्य दात हिसडून उपटीत नाही. हळूहळू हलवून तो मोकळा करितो. खालच्या दाढेस बहुधा दोन मुळे व वरच्या दाढेस तीन असतात; ती सर्व निघाली की नाही हे तो उजेडात धरून पाहतो. वरचा भाग तुटून हाती आला आणि किडके मूळ आत राहिले, तर दात काढल्याचे समाधान मिळते, रोग मात्र तेथेच राहतो.

नंतरचे पथ्यही ऐका. दिलेला बोळा अर्धा-पाऊण तास दाबून धरावा. खळग्यात जी रक्ताची गुठळी जमते तीच खरे औषध होय. तिच्याखाली नवे मांस व नवे हाड भरते. म्हणून पहिले चोवीस तास जोराने चूळ भरू नये, थुंकू नये, बोट व जीभ लावू नये, तंबाखू व विडी तर मुळीच नाही. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलकेच चुळा घ्याव्या. हिरडी काही आठवड्यांत मिटते. हाड भरण्यास महिने लागतात.

आता हे आपल्या मंडळीस लावून पाहू. एखाद्या गावी दोन भावांत शेताच्या बांधावरून तंटा झाला. आरंभी मोठा गलका झाला; पाळक आले, पंच बसले. पुढे गलका थांबला. दोघे उपासनेस येतात, पण एक ह्या दारातून व दुसरा त्या दारातून. सेवक आपल्या अहवालात लिहितो की, मंडळीत शांति आहे. प्रियांनो, ती शांति आहे की मगज मेला आहे? इब्री पत्रात कडूपणाच्या मुळाविषयी इशारा दिला आहे. ते वर आले म्हणजे पुष्कळांस विटाळविते, एकट्यास नव्हे. तंट्यात आवाज होता तोवर निदान दुःख जिवंत होते. आता एकाच्या घरी मरण झाले तरी दुसरा पाणी घेऊन जात नाही, आणि कोणास त्याचे वाईटही वाटत नाही. हीच घटका वैद्यास बोलाविण्याची आहे.

ग्रामसेवकांस आमची दोन गोष्टींची विनंती आहे. पहिली ही की, गप्प झालेल्या दाताकडे पाहा. जे घर भांडते त्याच्याकडे आपण जातो. जे घर बोलेनासे झाले त्याच्याकडे जा. दुसरी ही की, दुखणारा प्रत्येक दात उपटू नका. बंधु चुकला की त्याचे नाव यादीतून काढण्याची घाई कित्येकांस फार असते. ज्या वैद्यास चिमट्यावाचून दुसरे हत्यार ठाऊक नाही त्याच्याकडे कोण जाईल? काढावयाचा तो कडूपणा. भाऊ राखावयाचा आहे. आणि कडूपणा निघाल्यावर ती जागा वारंवार चाचपू नका. जुन्या गोष्टी पुनःपुन्हा उकरणे म्हणजे गुठळी काढून टाकणेच होय.

म्हणून ज्याच्या तोंडात असा गप्प दात आहे त्याने येत्या बाजाराच्या दिवशी पिशवीबरोबर थोडे धैर्यही घेऊन निघावे, आणि ती पाटी दिसताच आत जावे. आणि ज्याच्या मनात तसा दात आहे त्याने प्रभुभोजनाच्या रविवारापूर्वी भावाच्या उंबऱ्यावर जावे. पहिला शब्द काढणे सुई टोचण्याइतके कठीण वाटेल. पुढे मात्र त्या घरी, फार दिवसांनी, दोघांस एका पंक्तीस बसून सुखाने घास चावता येईल.