देऊळ ज्या बाजूला वळलं

औंढा तालुक्यातल्या एका गावचा मुलगा शिकून इंजिनिअर झाला आणि कॅनडात ब्रॅम्प्टनला जाऊन राहिला. संसार तिकडे थाटला, पण जीव गावातच अडकलेला. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला, तेव्हा तो शाळेत होता. आता आपल्याकडेही सगळं होणार, असं गावातली मोठी माणसं पारावर बोलायची. ते बोल त्याच्या मनात घर करून राहिले होते.

एप्रिल २०२३ मध्ये बातमी आली की, औंढ्याजवळ दुधाळ्याला होणाऱ्या लायगो-इंडिया वेधशाळेसाठी केंद्रानं २६०० कोटी रुपये मंजूर केले. अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपायला चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा इथल्या माळावर उभ्या राहणार. आनंद झाला, पण पाठोपाठ काळजीनं घेरलं. जगभरातले शास्त्रज्ञ आपल्याकडे येतील. ते उतरतील कुठे? जेवतील कुठे? आपला जिल्हा पाहून काय म्हणतील?

रात्ररात्र जागून त्यानं आराखडा तयार केला. औंढा नागनाथाचं ज्योतिर्लिंग, संत नामदेवांचं जन्मगाव नर्सी, शिरड शहापूरचं जैन मंदिर आणि सिद्धेश्वर धरण अशी एक सहल त्यानं आखली. वाटेवर स्वागतकमानी, रोषणाई, मोठं हॉटेल. या भल्या मोठ्या कागदांची गुंडाळी घेऊन माघात तो गावी आला. सरपंचबाईंना भेटायचं नक्की झालं होतं.

त्याच सुमारास ब्रॅम्प्टनचा त्याचा पंजाबी शेजारी म्हाताऱ्या आईला घेऊन नांदेडला आला. या बीजींचं माहेर गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानजवळचं. नामदेवांनी उत्तरायुष्यात जिथं मुक्काम केला ते घुमान. गुरुग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत आणि बीजींना त्यातली बरीच मुखोद्गत होती. २०१५ साली घुमानला मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा हजारो मराठी माणसं तिथं जाऊन आली. “तुमची माणसं आमच्याकडे येऊन गेली, आता भगतजींचं जन्मगाव मला दाखव,” असं त्या कधीपासून म्हणत होत्या.

त्यांना आणायला तो नांदेडला गेला. तिथल्या हजूरसाहिब गुरुद्वाऱ्यात मत्था टेकून सकाळी गाडी निघाली. वसमत मागे पडलं. दोन्ही बाजूंना हळदीची काढणी चाललेली. बाया उकरलेल्या गड्ड्यांची माती झाडून ढीग लावत होत्या. पुढच्या एका फाट्यावर त्याची माय आणि बहीण गावातून चालत येऊन उभ्या होत्या. त्या गाडीत बसणार, तोच बीजींनी लेकाच्या कानात काहीतरी सांगितलं. त्यांना लघवीला जायचं होतं.

फाट्यावर शौचालय होतं. भिंतीवर बाईचं आणि पुरुषाचं चित्र होतं, खाली स्वच्छतेचं सुवचन होतं आणि दाराला गंजलेलं कुलूप होतं. चहावाला म्हणाला, “किल्लीवाला तालुक्याला गेलाय. आन् उघडून तरी काय करता? पाणीच न्हाई आत.”

तो शरमेनं लाल झाला. फोन काढून कुणाकुणाला लावू लागला. तोवर मायनं बीजींचा हात धरला होता. रस्त्यापासून चाळीसेक पावलांवर वेड्या बाभळींचं रान होतं. माय पुढं झाली, पायानं काटे बाजूला सारले, खांद्यावरची शाल सोडून एक टोक लेकीच्या हातात दिलं. दोघी पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. एक शब्द न बोलता सगळं उरकलं. परतताना मायनं पिशवीतली पाण्याची बाटली काढून बीजींच्या हातावर धार धरली.

“माय, तुला ही जागा कशी ठाऊक?” त्यानं विचारलं.

“आता काय सांगावं, बाबा. बाजारला येती, दवाखान्याला जाती, एस्टीची वाट बघत इथंच उभी राहती. कुठं आडोसा हाय ते पाय वळखतेत.” मग बाटली त्याच्यापुढं करत म्हणाली, “तू पी. मला नगं. घरून निघायचं म्हणलं की बाया पाणी पीतच न्हाईत.”

बहीण मान खाली घालून म्हणाली, “दादा, शाळेच्या पोरीबी असंच करतेत. उन्हाळ्यात चक्कर येती एखादीला.”

बीजींना मराठी येत नव्हतं, पण कळायचं ते कळलं होतं. त्या म्हणाल्या, “बेटा, मी आज एक दिवसाची पाहुणी आले, तर तुला एवढी लाज वाटली. तुझी आई तर रोजच इथं उभी असते.” त्याला उत्तर सुचलं नाही.

औंढ्याला दर्शन झालं. कोरीव दगडी भिंतीवरचे हत्ती पाहत प्रदक्षिणा घालताना मायनं बीजींना खुणांनी आणि मोडक्या हिंदीत देवळाची आख्यायिका सांगितली. नामदेव इथं कीर्तनाला उभे राहिले, तेव्हा त्यांना देवळामागं जायला सांगितलं. ते मागं गेले आणि तिथं कीर्तन करू लागले, तर सगळं देऊळच फिरलं आणि देव त्यांच्या समोर आला. बीजींनी हात जोडले. ही गोष्ट त्यांच्याकडेही सांगतात आणि नामदेवांच्या पदातही ती आहे. तो मात्र लहानपणापासून शंभरदा ऐकलेली ती गोष्ट पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा उभा राहिला. पुढं हिंगोलीवरून नर्सीला जाईपर्यंत तो गप्पच होता.

दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत गेला तेव्हा काखेत गुंडाळी नव्हती. त्यानं सरपंचबाईंना एकच विचारलं, “ताई, फाट्यावरचं शौचालय चालू का राहत नाही? काय खर्च असेल तो मी देतो.”

सरपंचबाई म्हणाल्या, “भाऊ, बांधायला कुणीबी पैसा देतंय. नारळ फुटतो, फोटो निघतो. पुढं धुवायचं कुणी, टाकी भरायची कुणी, तुटलेली तोटी बदलायची कुणी? तुम्ही पैसे देऊन जाल आन् वर्षभरात परत कुलूप बसंल. सांभाळायचं कसं ते ठरवा, मग बोलू.”

ग्रामसभा बोलावली. दोन बैठका नुसत्या वादात गेल्या. हे काम अमक्याच आळीतल्या माणसांनी करायचं, असं कुणीतरी बोललं. सरपंचबाईंनी ते तिथंच थांबवलं. “काम पगाराचं हाय, जातीचं न्हाई. जो करील त्याला हातमोजे, बूट आन् महिन्याच्या महिन्याला पगार. न्हाईतर काढून टाका ते पत्रे.” शेवटी बायांच्या बचत गटानं जबाबदारी घेतली. विहिरीवरून नळ आणला, वर टाकी बसवली. दिवसा कुलूप लावायचंच नाही, असा ठराव झाला. आत सॅनिटरी पॅड टाकायला झाकणाचा डबा ठेवला. तो बहिणीनं सुचवला होता. पगाराचा काही भाग बाजारात बसणाऱ्यांकडून, काही ग्रामपंचायतीकडून आणि उरलेला कॅनडातून दर महिन्याला यायचा. कमानीवर असतं तसं त्याचं नाव कुठंही लावलं नाही, तशी अट त्यानंच घातली.

वर्षभरात सगळ्यात जास्त ये-जा कुणाची झाली? हळद काढणाऱ्या मजूर बायांची, बाजारकरणींची, एस्टीची वाट बघणाऱ्या पोरींची. माय आता घरून निघताना तांब्याभर पाणी पिऊन निघते. मग नांदेडहून औंढ्याला यात्रेकरू नेणाऱ्या जीपवाल्यांना कळलं की या फाट्यावर बायांची सोय आहे. ते थांबू लागले. चहावाल्यानं शेजारी पोह्यांची कढई मांडली, बचत गट घरच्या हळदीच्या पुड्या विकू लागला. पर्यटन म्हणतात ते असं, कमानीवाचून फाट्यावर आलं.

परदेशी गेलेल्या लेकरांनो, गावाची काळजी करता ही मोठी माया आहे. पण पाहुणे काय म्हणतील, हा प्रश्न मागाहून विचारा. आपल्या आया-बहिणी रोज काय सोसतात, ते आधी विचारा. इमारतीला देणगी देता तेव्हा तिच्या रोजच्या राखणीचाही पैसा द्या. आणि गावात राहणाऱ्यांनो, पाहुणा येणार म्हणून दार उघडू नका, आपल्या माणसांसाठी ते रोज उघडं ठेवा. ज्या देवळानं मागं धाडलेल्या भक्ताकडे तोंड वळवलं, ते आपल्याच जिल्ह्यात आहे. विकासानंही त्याच बाजूला वळावं. जिथं घरच्या बाईला तहान मारावी लागत नाही, तिथं जगातला कोणताही पाहुणा सुखानं राहील.